जिमी जॉर्ज : उडी मारली की हवेत थांबायचा म्हणे!

बुलढाण्यातल्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळत असाल, तर जिमी जॉर्ज हे नाव माहीत असायलाच हवं.

८ मार्च १९५५ रोजी केरळमधल्या पेरावूरला त्याचा जन्म झाला. खेळ शिकवला वडिलांनी. १६ व्या वर्षी तो राज्याच्या संघात आला. १९७६ मध्ये डॉक्टरकीचं शिक्षण सोडून पोलिसात गेला. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा वय होतं फक्त २१! पुढे तो इटलीत व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळला. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये कांस्य जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

उडी मारली की जिमी हवेत थांबतो, असं बघणाऱ्यांना वाटायचं. खरं तर हवेत कुणीच थांबत नाही. जमीन सोडताना वेग जितका जास्त, तितका वेळ माणूस वर राहतो. हा वेग वाढवण्यासाठी आज खेळाडू प्लायोमेट्रिक व्यायाम करतात. कमी उंचीच्या ठोकळ्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताच वर उसळायचं. ताणलेला स्नायू स्प्रिंगसारखा उसळी देतो. पण आधी पायात ताकद हवी आणि गुडघे वाकवून अलगद उतरता आलं पाहिजे. नाहीतर उडी वाढण्याआधी गुडघा दुखावतो.

३० नोव्हेंबर १९८७ ला इटलीत कार अपघातात जिमी गेला. वय अवघं ३२. तिरुवनंतपुरमचं इनडोअर स्टेडियम आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं.