हजरत कअब बिन मालिक (रजि.) आणि टळत गेलेल्या सकाळी

वाचकहो, एखादे काम आपण नाकारलेले नसते. ते करायचे हे मनाशी ठरलेले असते, करण्याची ऐपतही असते, आणि तरीही ते राहून जाते. असे का होते, याचा सर्वांत प्रामाणिक जबाब मला एका थोर सहाबींच्या जीवनात आढळतो. ते म्हणजे हजरत कअब बिन मालिक (रजि.).

त्यांना आळशी माणूस समजू नका. मदीनेच्या खजरज कबिल्यातील बनू सलिमा या शाखेचे ते. हिजरतीपूर्वी अकबाच्या घाटीत ज्या अन्सारांनी रात्रीच्या वेळी प्रेषितांच्या (स.) हाती बैअत केली, त्यांत ते होते आणि तो मान त्यांना आयुष्यभर अत्यंत प्रिय राहिला. हजरत हस्सान बिन साबित (रजि.) आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांच्यासह ते प्रेषितांच्या (स.) कवींपैकी एक गणले जातात. उहुदच्या रणात त्यांनी अंगावर अनेक जखमा झेलल्या. बद्रच्या वेळी ते हजर नव्हते. पण ती वाटचाल एका काफिल्यासाठी होती, मागे राहिलेल्यांवर ठपका आला नाही.

हिजरी सन 9 मध्ये, म्हणजे इ.स. 630 मध्ये, तबूकच्या मोहिमेची घोषणा झाली. तबूक मदीनेच्या उत्तरेस सुमारे 700 किलोमीटरवर आहे. ऊन कडाक्याचे, फळे पिकलेली, सावली हवीहवीशी. एरवी प्रेषित (स.) मोहिमेचे ठिकाण उघड करीत नसत, या वेळी वाट लांबची व शत्रू बलाढ्य, म्हणून लोकांना तयारी करता यावी यासाठी ते स्पष्ट सांगितले गेले. लष्कर एवढे मोठे की नावांची नोंदवही नव्हती. कोणी गैरहजर राहिला तर वह्य उतरल्याखेरीज ते कळणार नाही, असे त्याला वाटू शकत होते.

आणि कअब (रजि.) त्या काळात पूर्वी कधी नव्हते इतके सशक्त व सधन होते. सवारीचे दोन उंट त्यांच्यापाशी प्रथमच एका वेळी होते. रोज सकाळी ते तयारीसाठी बाहेर पडत आणि काहीही न करता घरी परतत. मनाला समजावीत की आपल्याला हवे तेव्हा हे करता येईल. असे दिवस गेले आणि एका सकाळी लष्कर निघूनही गेले. तेव्हा त्यांनी ठरवले की एकदोन दिवसांत सामान बांधून गाठू. पुन्हा बाहेर पडले, पुन्हा तसेच परतले. काफिला दूर गेला, अंतर वाढत राहिले.

मदरशात हा प्रसंग आम्ही सत्यवचनाचा धडा म्हणून शिकलो, आणि तो तसा आहेच. त्या ओघात या सकाळींचा भाग मात्र आपण एका वाक्यात उरकतो. जरा थांबून पाहा. त्यांना अडवले कशाने? गरिबीने नाही, दुबळेपणाने नाही, इमानातील खोटेपणाने तर नाहीच. करता येईल या खात्रीनेच त्यांना अडवले. ज्याच्याजवळ एकही उंट नव्हता, त्याला धावपळ करावी लागली. ज्याच्याजवळ दोन होते, तो निर्धास्त राहिला. आपली कझा नमाज, मित्राचे उसने पैसे, लिहायचे राहिलेले वसीयतनामे याच खात्रीखाली पडून आहेत की नाहीत, ते आपणच तपासावे.

मदीनेत फिरताना त्यांना दिसत ते केवळ निफाकाचा संशय असलेले लोक, किंवा खरोखर असमर्थ असलेले. तबूकला पोहोचल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांची चौकशी केली. त्यांच्याच कुळातील एकाने त्यांना स्वतःच्या वस्त्रांत रमलेला म्हटले, हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी ते बोलणे खोडून काढले.

लष्कर परतल्याचे कळले तेव्हा कअब (रजि.) सबबी जुळवू लागले. पण प्रेषित (स.) जवळ येताच तो विचार गळून पडला. मशिदीत ऐंशीहून अधिक लोकांनी शपथा घेऊन सबबी सांगितल्या आणि त्या वरकरणी स्वीकारल्या गेल्या. कअब (रजि.) यांनी सांगितले की आपल्याजवळ कोणतीही सबब नाही. त्यांना अल्लाहच्या निर्णयाची वाट पाहण्यास सांगण्यात आले. असेच खरे बोललेले आणखी दोघे होते, मुरारा बिन रबीअ (रजि.) आणि हिलाल बिन उमय्या (रजि.). या तिघांशी बोलणे सर्वांना मना झाले.

पन्नास रात्री हे चालले. ते दोघे घरी बसून रडत; कअब (रजि.) तरुण, ते नमाजला जात, बाजारात फिरत, सलाम करत आणि ओठ हललेले दिसतात का ते पाहत. आवडत्या चुलतभावाच्या, हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या बागेची भिंत चढून आत गेले. सलामाचे उत्तर मिळाले नाही. डोळे भरून आले आणि ते माघारी फिरले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. गस्सानच्या राजाकडून शामच्या एका व्यापाऱ्याकरवी पत्र आले, आपल्याकडे या, आम्ही सन्मान करू, अशा आशयाचे. त्यांनी ते वाचले आणि तंदूरमध्ये जाळून टाकले. चाळिसाव्या दिवशी पत्नीपासून दूर राहण्याचा हुकूम आला. तलाक द्यायचा का, एवढेच विचारले; नाही म्हणताच पत्नीला माहेरी पाठवले. वयोवृद्ध हिलाल (रजि.) यांच्या पत्नीला सेवेची परवानगी मिळाली होती, तशी मागून पाहा, असे घरच्या कोणीतरी सुचवले. त्यांनी ती मागितली नाही. ज्या माणसाला काही दिवसांपूर्वी खोगीर बांधणे जमले नव्हते, त्याच माणसाने ही कामे घटकाभरही लांबवली नाहीत.

पन्नासाव्या पहाटे फजरनंतर ते घराच्या छतावर बसले होते. सल्अ डोंगरावरून कोणीतरी मोठ्याने खुशखबर दिली आणि ते सजद्यात कोसळले. सूरह तौबाच्या 118 व्या आयतीत या तिघांच्या तौबेचा उल्लेख आहे. खुशखबर आणणाऱ्याला त्यांनी अंगावरची दोन वस्त्रे दिली. दुसरी नव्हती, म्हणून उसनी घेऊन मशिदीकडे निघाले. तेथे हजरत तलहा (रजि.) धावत उठून आले आणि हात हातात घेऊन त्यांनी मुबारकबाद दिली. मुहाजिरांपैकी दुसरे कोणी उठले नव्हते. कअब (रजि.) ते कधीही विसरले नाहीत.

हा सारा वृत्तांत सहीह बुखारीत आहे आणि तो त्यांच्याच तोंडचा आहे. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर पुत्र अब्दुल्लाह त्यांचा हात धरून चालवीत. त्या पुत्राला त्यांनी दोन उंटांचीही गोष्ट सांगितली, आणि रोज सकाळी रिकाम्या हाती घरी परतल्याचीही.