क्लोद बेर्नार : न जुळलेल्या उत्तराचा मागोवा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी साखरेचा विकार असलेले एखादे वडीलधारे माणूस असते. रात्रभर पोटात अन्नाचा कण नसतानाही सकाळी तपासले तर त्यांच्या रक्तात साखर वाढलेली निघते. ही साखर आली कोठून, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. या प्रश्नाच्या उत्तराची वाट ज्याने प्रथम दाखवली, त्या क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊ या.

बेर्नारचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील सें-ज्युलियँ या खेड्यात झाला. वडील द्राक्षमळ्यात राबणारे. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण अर्धवट सोडून हा मुलगा लिआँ शहरात एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागला. तेथे तिर्याक नावाचे, सर्व रोगांवर चालणारे म्हणून खपवले जाणारे एक औषध बनत असे. उरलेली, बिघडलेली औषधेसुद्धा त्यातच ओतली जात. हे पाहून त्याचा औषधांवरचा विश्वासच उडाला. त्याला नाटककार व्हायचे होते. स्वतः लिहिलेले नाटक घेऊन १८३४ साली तो पॅरिसला गेला. तेथे एका नामांकित टीकाकाराने नाटक वाचून त्याला सल्ला दिला, की पोटासाठी आधी वैद्यकी शिक. त्याने तो मानला.

पण पालकहो, वैद्यकीच्या परीक्षांतही हा मुलगा चमकला नाही. १८४४ साली अध्यापकपदाच्या स्पर्धा परीक्षेत तो नापास झाला. मात्र माजँदी या प्रख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करताना त्याची दृष्टी आणि हातांचे कसब साऱ्यांच्या नजरेत भरले.

सशाच्या शरीरात स्वादुपिंडाची नळी आतड्याला बरीच खाली मिळते. स्निग्ध अन्न दिलेल्या सशाचे पोट उघडले, तेव्हा चरबी शोषून दुधाळ झालेल्या वाहिन्या त्या नळीच्या खालीच दिसतात, हे बेर्नारने टिपले. त्यावरून स्वादुपिंडाचा रस चरबी पचवतो, हे त्याने दाखवून दिले.

त्याचा सर्वांत मोठा शोध यकृताचा, म्हणजे ज्याला आपण घरात कलेजी म्हणतो त्या अवयवाचा. साखर फक्त वनस्पतीच तयार करतात आणि प्राण्यांना ती अन्नातूनच मिळते, असे तेव्हाचे मोठमोठे विद्वान मानत. १८४८ साली बेर्नारने एका कुत्र्याला केवळ मांसावर ठेवले. तरीही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. शरीर स्वतः साखर तयार करते, हे त्यावरून दिसले.

यकृतातील साखर मोजताना तो प्रत्येक मोजणी लागोपाठ दोनदा करी. एके दिवशी वेळ न मिळाल्याने दुसरी मोजणी दुसऱ्या दिवशी करावी लागली, आणि साखर बरीच जास्त भरली. चूक झाली असे म्हणून तो आकडा खोडून टाकता आला असता. त्याने तसे केले नाही. १८५५ साली त्याने एका यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून साखरेचा अंशही न उरेपर्यंत ते धुतले आणि तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर! म्हणजे यकृतात साखरेचा साठा दुसऱ्याच रूपात होता. १८५७ साली त्याने तो पदार्थ वेगळा काढला. त्यालाच आपण ग्लायकोजेन म्हणतो.

या कार्याची किंमतही मोठी होती. त्याचे प्रयोग जिवंत प्राण्यांवर चालत. पत्नीला ते असह्य झाले आणि संसार मोडला. अंधाऱ्या, दमट प्रयोगशाळेत प्रकृती ढासळली. १० फेब्रुवारी १८७८ रोजी तो वारला, तेव्हा फ्रान्सने सरकारी इतमामाने त्याची अंत्ययात्रा काढली. शास्त्रज्ञाला असा मान तेथे प्रथमच मिळाला.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातून निसटली. यकृत आणि स्वादुपिंड दोन्ही त्याने अभ्यासले, पण मधुमेहात त्यांचा परस्परसंबंध काय, हे त्याला उमगले नाही. १८८९ साली जर्मन संशोधक फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवले. इन्सुलिन कमी पडले किंवा त्याचा प्रभाव पडेना, की यकृत गरज नसतानाही रक्तात साखर सोडत राहते. सकाळच्या त्या साखरेचे हे एक मुख्य कारण. एकाने अर्धी वाट चालावी, उरलेली पुढच्यांनी, अशीच विद्या वाढते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत उत्तर जुळले नाही की शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवणारी मुले मी दरवर्षी पाहतो. त्या वेळी बेर्नारचे ते धुतलेले यकृत आठवा. आपला आकडा जसा आला तसाच लिहा आणि तो तसा का आला, हे गुरुजींना विचारा. आणि पालकहो, निकालपत्रावरचा एक लाल शेरा पाहून मुलाला शाळेतून काढू नका. द्राक्षमळ्यातल्या त्या नापास मुलाला कोणीतरी योग्य वेळी योग्य वाट दाखवली, म्हणून आज आपण त्याचे स्मरण करीत आहोत.