शेतकऱ्याच्या पोरानं उघडलं अणूचं अंतरंग. अर्नेस्ट रुदरफोर्ड यांची गोष्ट

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अणूचं चित्र असतं. मधोमध केंद्रक आणि भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. हे केंद्रक ज्यांनी शोधलं ते अर्नेस्ट रुदरफोर्ड कुठल्या बड्या घराण्यातले नव्हते. न्यूझीलंडमधल्या खेड्यात, बारा लेकरांच्या घरात वाढलेला तो शेतकऱ्याचा मुलगा.

जन्म ३० ऑगस्ट १८७१ चा, नेल्सनजवळच्या ब्राइटवॉटर गावातला. वडील जेम्स गाडीची चाकं बनवायचे, शेती करायचे. पुढं त्यांनी वाख काढायची गिरणी चालवली. आई मार्था लग्नाआधी शिक्षिका होत्या. पैसा बेताचाच, पण पोरं शिकली पाहिजेत यावर आई ठाम होती. १८८६ मध्ये अर्नेस्टचे दोन धाकटे भाऊ पाण्यात बुडून गेले. घरावर मोठं संकट कोसळलं, तरी शिक्षण थांबलं नाही.

दुसऱ्या झटक्यात यश

नेल्सन कॉलेजची शिष्यवृत्ती अर्नेस्टला पहिल्या वेळी मिळाली नाही. पुन्हा परीक्षा दिली, मग मिळाली. कॉलेजची शिष्यवृत्तीही दुसऱ्या झटक्यातच हाती लागली. इंग्लंडला जायच्या शिष्यवृत्तीत तर निवड दुसऱ्याचीच झाली होती. त्यानं ती नाकारली आणि अर्नेस्टचा नंबर लागला. बातमी आली तेव्हा तो बटाटे काढत होता आणि त्यानं हातातलं फावडं तिथंच फेकून दिलं, असं सांगतात.

१८९५ मध्ये तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पोचला. तिथं जे. जे. थॉमसन गुरू लाभले. याच थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला.

किरणं कुठून येतात?

१८९६ मध्ये फ्रान्सच्या बेकरेल यांना दिसलं की युरेनियममधून आपोआप किरणं बाहेर पडतात. ना ऊन लागतं, ना विस्तव. रुदरफोर्ड यांनी ही किरणं पारखायला घेतली. काही किरणं कागदानंच अडतात, त्यांना अल्फा नाव दिलं. काही कागद पार करतात पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं अडतात, ती बीटा. तिसरी गॅमा. ती अडवायला शिशाचा जाड थर लागतो.

१८९८ मध्ये ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलला प्राध्यापक झाले. तिथं फ्रेडरिक सॉडी यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं की किरणं सोडताना थोरियमसारखं मूलद्रव्य बदलून दुसरंच मूलद्रव्य बनतं. तोवर अणू कधी बदलत नाही असंच सगळे धरून चालले होते.

हा बदल किती वेगानं होतो याचाही हिशेब त्यांनी मांडला. समजा ८०० किलोची रास आहे आणि ठरावीक वेळात ती निम्मी होते. म्हणजे ४०० राहिली. पुन्हा तेवढ्याच वेळात ४०० ची २००, मग १००. या ठरावीक वेळेला अर्धायुष्य म्हणतात. काही पदार्थांचं ते मिनिटभराचं असतं, तर युरेनियमचं साडेचार अब्ज वर्षांच्या घरात. या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे भौतिकशास्त्राच्या या माणसाला ते रसायनशास्त्राचं मिळालं.

उलटे फिरलेले कण

खरी मोठी गोष्ट पुढंच घडली. मँचेस्टरला असताना त्यांचे सहकारी गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण सोडत होते. अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावरच्या बारीक चमका एकेक करून मोजायच्या, असं ते चिकाटीचं काम. बहुतेक कण सरळ आरपार गेले. पण साधारण ८ हजारांत एखादा कण उलटा फिरला.

इतका वेगवान कण मागं फिरतो म्हणजे वाटेत काहीतरी जड आणि घट्ट असणार. विचार करून १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी उत्तर मांडलं. अणूचं जवळजवळ सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात असतं, बाकी जागा रिकामी. अणू एक किलोमीटर रुंद शिवाराएवढा धरला, तर केंद्रक फार तर त्यातल्या एका बोराएवढं.

१९१९ मध्ये त्यांनी नायट्रोजनवर अल्फा कण आदळवले. त्यातून हायड्रोजनचं केंद्रक बाहेर आलं. त्यालाच पुढं प्रोटॉन नाव मिळालं. माणसानं मुद्दाम घडवलेला हा केंद्रकातला पहिला बदल. त्याच वर्षी ते कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले. १९३२ मध्ये तिथंच चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला.

एक अंदाज चुकला

१९३१ मध्ये ते लॉर्ड झाले. पहिली तार आईला केली आणि हा मान आपल्यापेक्षा तिचा जास्त आहे, असं कळवलं. पण त्याआधी काही दिवस, डिसेंबर १९३० मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणानंतर गेली होती. ते दुःख मोठं होतं.

१९३३ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की अणूपासून कामाची ऊर्जा मिळेल हे स्वप्नरंजन आहे. तेव्हाचा हिशेब तसाच होता. एक केंद्रक फोडायला जेवढी ऊर्जा खर्च व्हायची, त्यामानानं पदरात काहीच पडत नव्हतं.

१९ ऑक्टोबर १९३७ ला हर्नियात आतडं अडकून त्यांचं निधन झालं. वय ६६. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली व्हायचं होतं. ते राहूनच गेलं.

त्यानंतर वर्षभरानं, डिसेंबर १९३८ मध्ये, बर्लिनमध्ये युरेनियमचं केंद्रक दुभंगल्याचं दिसलं. हे काम करणाऱ्यांत ऑटो हान होते, एकेकाळी मॉन्ट्रियलला रुदरफोर्ड यांच्याच हाताखाली शिकलेले. केंद्रक दुभंगताना न्यूट्रॉन सुटतात आणि ते पुढची केंद्रकं फोडतात. अशी साखळी लागते. ती ताब्यात ठेवली की वीज तयार होते, मोकाट सोडली की बॉम्ब. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीनं बॉम्ब पाहिला. १९६९ पासून आपल्या तारापूरला वीज बनते आहे.

लासलगावात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणं वापरायचं केंद्र उभं राहिलं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणांच्या मदतीनं बियाण्यात बदल घडवून भुईमुगाचा टीएजी २४ सारखा वाण दिला, तो आपल्या शेतकऱ्यांना चांगलाच माहीत आहे. बटाट्याच्या रानातून उठून गेलेल्या त्या पोराचं काम असं फिरून पुन्हा शेतात आलं.