मंत्र्याला प्रश्नात धरणारे खासदार मधु लिमये

बिलोली : संसदेत मंत्र्याला जाब कसा विचारायचा, हे ज्यांनी दाखवून दिलं ते मधु लिमये. जन्म पुण्याचा, १ मे १९२२. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी त्यांना १२ वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ ला सुटले. पुढे हा मराठी माणूस बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून चार वेळा लोकसभेवर निवडून गेला.

लोकसभेत पहिला तास प्रश्नांचा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं, मग त्यावर उपप्रश्न. लिमये कागदपत्रं आणि नियम वाचूनच यायचे. त्यामुळं त्यांच्यापुढं गोलमाल उत्तर चालायचं नाही.

१९७५ ला आणीबाणी लागली. लिमये तुरुंगात गेले, इकडं प्रश्नोत्तराचा तासच बंद झाला. १९७६ मध्ये सरकारनं लोकसभेची मुदत वाढवली. लोकांनी पाचच वर्षांसाठी निवडून दिलंय, म्हणून लिमयेंनी तुरुंगातूनच राजीनामा पाठवला. माजी खासदाराची पेन्शनही त्यांनी घेतली नाही. ८ जानेवारी १९९५ ला ते गेले.

आपल्या खासदारानं काय विचारलं, मंत्र्यानं काय उत्तर दिलं, हे आज बिलोली तालुक्यातल्या मतदारालाही संसदेच्या वेबसाईटवर, हातातल्या मोबाईलवर वाचता येतं. एकदा बघाच.