केसाळ अळीला नाव देणारे फ्रान्सिस वॉकर

सोयाबीनच्या पानांची चाळणी करणारी केसाळ अळी अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाची आहे. तिच्या पतंगाचे ‘ऑब्लिक्वा’ हे शास्त्रीय नाव मात्र वऱ्हाडापासून हजारो मैल दूर, लंडनमध्ये १८५५ साली ठरले. ते देणारे होते इंग्रज कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस वॉकर.

वॉकर यांचा जन्म ३१ जुलै १८०९ रोजी लंडनजवळच्या साउथगेट येथे झाला. इतर किडींच्या अंड्यांवर व अळ्यांवर जगणाऱ्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्या हा त्यांच्या आवडीचा विषय. त्यांवरील १८३९ च्या ग्रंथाने त्यांना अभ्यासकांत मान मिळवून दिला. बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी कपाशीत सोडला जाणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक याच गटातला.

१८४८ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी संग्रहातील कीटकांची यादी करण्याचे काम वॉकर यांच्यावर सोपवले. जगभरातून नमुने येत होते आणि वॉकर त्यांना नावे देत होते. पतंग व फुलपाखरांची यादीच १८५४ ते १८६६ या काळात ३५ भागांत प्रसिद्ध झाली. पंखांवरील पट्ट्या-ठिपक्यांमुळे ‘टायगर मॉथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पतंगांचा ‘अम्सॅक्टा’ हा वंश त्यांनी याच यादीत स्थापन केला. दक्षिण भारतात भुईमुगाचा फडशा पाडणारी ‘अल्बिस्ट्रिगा’ ही जातीही त्यांनीच वर्णिली. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतील कोषांतून हिचे पतंग बाहेर पडतात.

या झपाट्याची किंमत मोठी होती. एकाच कीटकाला वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा नोंदवल्याने गोंधळ माजला. ५ ऑक्टोबर १८७४ रोजी वॉकर यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युलेखातही त्यांच्यावर कठोर टीका झाली. त्यांची असंख्य नावे पुढे रद्द ठरली, वंशांच्या सीमा बदलल्या. ‘ऑब्लिक्वा’लाही ‘स्पिलोसोमा’ वंशातून काढून ‘स्पिलार्क्टिया’त ठेवणारे अभ्यासक आहेत.

जातीचे नाव मात्र टिकले, आणि त्याचे मोल शेतीत कळते. कीड नेमकी कोणती हे एका नावाने निश्चित झाले, तरच बिहारमधील अनुभव अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आणि तेथील सल्ला बांधावरच्या शेतकऱ्याला उपयोगी पडतो. वॉकर यांच्या चुका निस्तरण्यात नंतरच्या पिढ्यांचे श्रम खर्ची पडले. त्यांतून तावून-सुलाखून निघालेली नावे आजही कामी येत आहेत.