वर्तमानपत्राला जाब विचारणाऱ्या ताराबाई शिंदे

वऱ्हाडातील बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. सत्यशोधक समाजाचे ते सभासद. १८५० च्या सुमारास जन्मलेल्या आपल्या लेकीस त्यांनी मराठी, संस्कृत व इंग्रजी या तिन्ही भाषा शिकविल्या. विवाहानंतरही ताराबाई माहेरीच राहिल्या. पती घरजावई म्हणून आले. अपत्य झाले नाही.

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. पुनर्विवाहाची वाट बंद, त्यात गर्भ राहिलेला. लोकापवादाच्या भयाने तिने अर्भकाचा जीव घेतला, असा आरोप होता. न्यायालयाने फाशी सुनावली. अपिलात ती शिक्षा सौम्य झाली. वर्तमानपत्रांना मात्र आयताच विषय मिळाला. 'पुणेवैभव' पत्राने तर या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. स्त्री बातमीत आली ती अशी, आरोपीच्या पिंजऱ्यातून; आणि तिच्याविषयी लिहिणारे, वाचणारे, निवाडा करणारे बहुतेक सारे पुरुष.

घराबाहेरचे जग फारसे न पाहिलेल्या ताराबाईंनी याचे उत्तर पुस्तकाने दिले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा मूळ प्रश्न. पत्नी वारताच बोहोल्यावर चढणारा पुरुष विधवेस कोणत्या अधिकाराने पाप शिकवितो, हे त्यांनी विचारले. विधवेची उपेक्षा, फसवणूक करून नामानिराळा राहणारा पुरुष आणि स्त्रीला दोष देणारी शास्त्रेपुराणे, कोणासही सोडले नाही. भाषा घरगुती, रोखठोक, प्रसंगी जहाल. ती मवाळ असती तर इतकी झोंबली नसती, असे आम्हांस वाटते.

टीका अर्थातच झाली, आणि ती सुधारणेच्या गोटातूनही झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्या स्वकीयांसही खडसावले.

यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्या निवर्तल्या. जवळजवळ शतकभर हे पुस्तक विस्मरणात पडून राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे मराठी वाचकांस त्यांचे नाव नव्याने कळले.