भिंतीला कान लावणारे रामन

विजापूरच्या गोलघुमटातील सज्जात भिंतीशी कुजबुजलेला शब्द सुमारे ३८ मीटर दूर, समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येतो. पर्यटकांना रिझविणाऱ्या या नवलाचा शास्त्रीय शोध सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतला. प्रकाशाच्या संशोधनाने अजरामर झालेल्या या शास्त्रज्ञाची ओढ ध्वनीकडेही होती.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे जन्मलेले रामन १९०७ मध्ये कोलकात्यात सरकारी अर्थखात्यात रुजू झाले. कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत रमत. व्हायोलिन, मृदंग, तबला यांच्या नादाचे गणित त्यांनी मांडले आणि १९१७ मध्ये भरघोस पगाराची नोकरी सोडून प्राध्यापकी पत्करली.

१९२१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट त्यांनी पाहिला. ध्वनी घुमटावरून परावर्तित होऊन समोरच्या बिंदूत एकवटतो, असे एअरी यांचे मत होते. तो वक्र भिंतीला बिलगून सरकतो, हे लॉर्ड रॅले यांनी दाखवून दिले होते. रॅले म्हणजे ध्वनिशास्त्रातील अखेरचा शब्द! परंतु रामन आणि त्यांचे सहकारी सदरलँड यांनी प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा निराळेच आढळले. भिंतीपासून आत सरकताना ध्वनी एकसारखा क्षीण होत नव्हता, त्याची तीव्रता आळीपाळीने कमी-अधिक होत होती. रॅले यांचा सिद्धांत चुकीचा नव्हे, पण अपुरा होता. मायदेशी परतल्यावर रामन यांनी गोलघुमटासारख्या भारतीय वास्तूंचाही या दृष्टीने अभ्यास केला.

त्याच परतीच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना वेधले. ही निळाई आकाशाचे प्रतिबिंब होय, हे मतही रॅले यांचेच. रामन यांनी बोटीवरच ते तपासले आणि पाणीच प्रकाश विखुरते, असा निष्कर्ष सप्टेंबर १९२१ मध्ये मुंबई बंदरातून 'नेचर' नियतकालिकाला कळविला. याच वाटेने पुढे १९२८ चा 'रामन परिणाम' आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आले.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. आज काचेच्या सूक्ष्म गोलकांत प्रकाश असाच कडेला बिलगून फिरविला जातो व त्यावर अतिसंवेदनशील उपकरणे बनतात. थोरांचा आदर राखूनही त्यांचे म्हणणे स्वतः पडताळून पाहावे, हाच रामन यांच्या आयुष्याचा धडा होय.